दुकानात पास, घरी नापास

स्क्रीनवर पुन्हा हिरवं ‘पास’ आलं आणि मी मेश्रामांकडे पाहिलं. रिपोर्ट नॉर्मल आला तरी पोट दुखतंच आहे, असा त्यांचा चेहरा.

“ताई, तुमच्या दुकानात पास होते, माह्या घरी नापास होते,” ते म्हणाले. “पोट्टं असतं तं कान पिळला असता. याचं काय पिळू?”

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुखदेव मेश्राम कोराडीहून यायचे, डेस्कटॉपचा कॅबिनेट ऑटोत मांडीवर घेऊन. तिथल्याच पॉवर हाऊसमधून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. एकेक पार्ट निवडून आणून त्यांनी ही मशीन घरीच जोडली होती. घरी जोडलेल्या मशीन उघडायच्या म्हणजे मला धडकीच भरते. आत वायरींचा नुसता गुंता असतो. यांच्या मशीनमध्ये मात्र प्रत्येक वायर वळणात बांधलेली. नाव ठेवायला जागा नव्हती, याचाच मला राग येत होता.

बिघाड मेमरीत होता, म्हणजे RAM मध्ये. RAM म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. सामान डब्यांत असतं, ती हार्ड डिस्क. पण चिरणं, मळणं, निवडणं सगळं ओट्यावर. त्या ओट्यावरच तांदळाचा दाणा गुपचूप खडा झाला, तर तो खडाच डब्यात जातो आणि कोणाला पत्ता लागत नाही. हीच मेमरी एरर. कधी मशीन निळी स्क्रीन दाखवून बसते. कधी काहीच दाखवत नाही, आणि ते जास्त वाईट.

मेश्रामांचं दुसऱ्या प्रकारचंही नुकसान झालं होतं. त्यांची आई विहारात बायांना गाणी शिकवायची. ती गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. मागे उरली एक कॅसेट. तिच्यातली गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवायची आणि बुद्धपौर्णिमेला विहारात लावायची, एवढ्यासाठी ही मशीन. पहिल्यांदा उतरवली तेव्हा आवाजात मध्येमध्ये टकटक आली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर मशीन बंद पडली. टेप जुनी, प्रत्येक वेळी फिरवली की तिच्यावरची तपकिरी पूड गळायची.

“आता एकदाच चालवीन,” ते म्हणाले. “त्याच्या पुढं ते कॅसेट टिकत नाही. म्हणून मले मशीनची गॅरंटी पाहिजे.”

“मोबाइलवर का नाही रेकॉर्ड करत?”

“करून पाहिलं नं. त्यात आईपेक्षा कूलरच जास्त गाते.”

मी हसले. तिथेच थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं.

माझा पहिला संशय स्पीडवर होता. हौशी लोक सेटिंगमध्ये शिरून RAM ला तिच्या ऐपतीपेक्षा जास्त पळवतात. मेश्रामांना विचारलं तर त्यांना ते लागलंच. “मी पॉवर हाऊसवाला माणूस हाव, ताई. रेटिंगच्या वर मी कोन्तीच मशीन पळवत नाही.” पाहिलं, तर खरंच पळवली नव्हती. मग RAM च्या दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या लावून पाहिल्या. पट्टीच्या कडेचे सोनेरी दात खोडरबरने घासले. हा आमच्या धंद्यातला आजीबाईचा बटवा आहे, आणि बरेचदा लागू पडतो. त्यांच्या मशीनलाही लागू पडायचा. दुकानात पास, घरी नेली की थोडे दिवस ठीक, मग पुन्हा नापास.

“घरी केव्हा बिघडते?”

“दुपारीच. सकाळी चांगली राह्यते.”

मी म्हटलं, मी दुपारीच येते.

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी कोणी कोणाकडे जात नाही. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून गेले आणि स्वतःला शिव्या देत त्यांच्या कॉलनीत पोचले. दार उघडताच मेश्रामांच्या पत्नी लताबाई ओरडल्या, “आवं माय, एवढ्या उन्हात काहून आल्या! आहो, कूलर फिरवा नं ताईंकडं!”

चाकांच्या स्टँडवरचा कूलर मेश्रामांनी सर्रकन माझ्याकडे वळवला. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला पाणी नंतर, आधी कूलरची हवा. मी खुर्चीत बसले, अंगावर गार तुषार आले आणि जीव परत जागेवर आला. कैरीचं पन्हं आलं. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलेलंच होतं. मला सोयीचं म्हणून काढलं असेल, असं मी समजले. पेनड्राइव्ह लावला आणि मेमरी टेस्ट सुरू केली. ही टेस्ट त्या ओट्याच्या प्रत्येक कोपऱ्यात एकेक दाणा ठेवते, परत उचलते आणि तोच आहे का बघते. बदललेला निघाला की लाल ओळ.

लाल ओळ आली नाही. पन्हं संपलं, चिवडा संपला, त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या गोष्टी झाल्या. स्क्रीन शांत.

“आता तुम्हाले पाहून शहाणी झाली,” मेश्राम वैतागून म्हणाले. “मीच खोटा पडलो.”

मला खरंच त्यांची दया आली. नवीन RAM घ्या, एवढंच म्हणून मी दुपट्टा उचलला आणि दाराशी चपला घालू लागले. पाहुणी उठली म्हटल्यावर मेश्रामांनी कूलर जागेवर ढकलला. त्याची जागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्याचं तोंड थेट उघड्या कॅबिनेटवर होतं.

“हे काय?”

“मशीनले थंडी नको का? आमच्या कंट्रोल रूमात पॅनलले आधी AC राहे, मंग माणसाले. घरी AC नाही, म्हणून हे. झाकण बी काढून ठेवतो, सगळी हवा अंदर गेली पाहिजे.”

मी चपला काढून परत आत आले. टेस्ट अजून चालूच होती. “कूलर असाच राहू द्या. पाणी भरा त्यात.”

लताबाईंनी बादली ओतली. वाळ्याचा वास सुटला. थोडा वेळ गेला आणि स्क्रीनवर एक लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग रांगच लागली. बिघाड दिसल्यावर इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. मेश्राम मात्र खाली बसले.

AC ची हवा कोरडी असते. कूलरची हवा पाण्यातून येते. पॉवर हाऊसच्या त्या परिसरात कितीही पुसलं तरी बसणारी बारीक करडी धूळ RAM ची पट्टी बसते त्या खोबणीत साचली होती, आणि कूलर तिला रोज दुपारी ओली करत होता. ओली धूळ वीज इकडची तिकडे करते. माझ्या दुकानात ती सुकायची, मी वरून दात घासून द्यायचे, आणि खोबणीतली घाण तशीच राहायची. आज सगळा वेळ कूलर माझ्याकडे होता, म्हणून मशीन बरी होती.

“म्हणजे मी तिचा लाड करून करून तिले आजारी पाडलं,” मेश्राम म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

खोबणी ब्रशने आणि क्लीनरने साफ केली, झाकण स्क्रूने पक्कं बसवलं, मशीन आतल्या खोलीत हलवली. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा टेस्ट चालूच होती. एकही लाल ओळ नाही. मेश्रामांनी कॅसेट लावली. त्या खोलीत कूलर नव्हताच, पण आज काही रिस्क नको म्हणून त्यांनी पंखाही बंद केला. आम्ही तिघं घामाने निथळत उभे होतो.

टेप फिरू लागली. आधी खरखर, मग एका म्हातारीचा ठणठणीत आवाज: “सुखदेव, तो पंखा बंद कर बाबू पहिले. घरघर करून राह्यला.”

मेश्रामांचा हात नकळत भिंतीवरच्या बटणाकडे गेला. बटण बंदच होतं. ते तसेच हात टेकवून उभे राहिले, आणि गाणं सुरू झालं. शेवटपर्यंत एकदाही टकटक आली नाही. लताबाई रडत होत्या. डोळे मीही पुसले. म्हटलं, घाम आहे.

तेव्हापासून दुकानात मशीन आली की मी आधी विचारते, ही घरी कुठे राहते? आणि कोणाच्या घरी मशीन बघायला गेले, तर कितीही आग्रह झाला तरी कूलर माझ्याकडे वळवू देत नाही.