रुपयाले किती शेर

मैनाबाईनं नाळ कापली, पोरगी मावशीच्या पदरात टाकली अन् हात धुवाच्या आंधीच बायंतिनीच्या सासूले इचारलं, "काहून वं आजी, पोरगी झाली म्हून अर्धंच सूप? पोरगी काढाले मले अर्धीच मेहनत लागली का?"

पोरगा झाला तं दाईले सूपभर ज्वारी, पोरगी झाली तं अर्धं सूप. बडनेऱ्याकडं सगळ्या गावायचा हाच रिवाज. मावशीनं, पार्बताबाईनं, तिले असा चिमटा काढला का रातभर दंड ठनकला.

मावशीकडं दाईपनाची चौदा घरं होती; तिथली बायंतपनं तिचीच अन् दर सुगीले खळ्यावरचा दाईचा वाटाबी तिचाच. तिच्यामांगं ती मैनाबाईचीच. नवरा मेलेला, पदरात चार सालाची शकुन. घरं म्हंजे तिची जिंदगीच.

अन् त्याच साली बाजारात बातमी आली. अकोल्याच्या अन् अमरावतीच्या, दोन्ही सरकारी दवाखान्यायत बायायले दाईचं काम शिकवून राहिले. शिकतानाबी पगार, मंग नोकरी. अकोल्याले महिन्याचे सहा रुपये. अमरावतीले चारच, पन रायाले खोली अन् तीस शेर ज्वारी.

"सहाच्या जागी चार कोन घेते?" गाव म्हने.

मावशी म्हने, "कुठंच नाई जाचं. गेली तं घरं दुसरीले देईन. मंग परत आली तं दारात उभी करनार नाई."

मैनाबाई अमरावतीले पायी गेली. दवाखान्यात देवीदास कंपाउंडर पुड्या बांधून राहिला होता.

"दादा, मी बिमार पडली तं पगार कापता का?"

"आठ दिवस नाई कापत."

"पोरगी संग ठेवली तं?"

"ठेव ना."

"अन् बायंतिनीले पोरगी झाली तं पगार अर्धा?"

देवीदासच्या हातची पुडी सुटली. "अवं बाई, पगार महिन्याचा रायते! पोरगा-पोरगी कोन पायते?"

तिथून ती बाजारात गेली. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई लागली होती म्हने, तिकडचा कापूस बंद, म्हून इथल्या कापसाले सोन्याचा भाव. कास्तकारायनं बैलायच्या शिंगायले चांदी मढवली होती. मैनाबाई धान्याच्या दुकानापुढं उभी रायली.

"शेटजी, रुपयाले किती शेर ज्वारी?"

"बारा."

"दोन सालाआंधी?"

"चाळीस. सगळ्यायनं कापूसच पेरला, तं ज्वारी येईन कुठून? पन दुनिया कापसाचा भाव इचारते, तू ज्वारीचा काहून इचारतं?"

"कापूस शिजत नाई म्हून."

तिनं बोटायवर हिशोब केला. तीस शेर म्हंजे अडीच रुपये. चार अन् अडीच साडेसहा, वरून खोली. औंदा बारा शेर; पुढच्या साली आठ झाली तं तीस शेरालेच पावनेचार रुपये; अकोल्याच्या सहातले उरते सव्वादोन, अन् खोलीचं भाडं वेगळं. गाव हसलं. हसनाऱ्यायले हिशोब येत नव्हता, दुसरं काई नाई.

ती अमरावतीले रायली. पयल्याच पावसाळ्यात डाक्टरनं तिले तीन दिवस बायंतपनाच्या खोलीबाहेर बसवलं, लई सवाल करते म्हून. तिनं गाठोडं बांधलं. शकुनले खाकेत घेऊन फाटकापर्यंत आली. मंग आठोलं का घरं तं गेली. आता जाचं कुठं? तशीच माघारी फिरली अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा सवाल केला. पुढं बावीस सालं त्याच दवाखान्यात तिनं नोकरी केली. मावशीच्या गावात मात्र पाय ठेवला नाई.

मावशी मेली. मैनाबाईबी गेली. त्या चौदा घरायतलं एक घर खुशालरावचं. त्यानं म्हतारपनी शकुनले सांगतलं, तवा कुठं समजलं: पार्बताबाईनं घरं कोनालेच देली नव्हती. मरेपर्यंत दर सुगीले खळ्यावर यायची, आपला वाटा घ्यायची अन् म्हनायची, "ध्यानात ठेवा, घरं मैनीची हायेत. मी तिच्या बदली आली."