कोटाच्या खिशातला पुरावा

पोलिसातल्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणे विसरलो, पण ही घटना आजही आठवते. खरे सांगायचे तर ती आठवायला मला आवडते.

परदेशातून आणलेल्या कापडाचे कपडे शिवून निर्यात केले, की कापडावर भरलेले सीमाशुल्क सरकार व्यापाऱ्याला परत करते. बेळ्ळंदूरचा एक कारखानदार असा परतावा नेहमी घेई. एके सकाळी मारतहळ्ळीचा एक इस्त्रीवाला ठाण्यात आला. "सार, बेळ्ळंदूरच्या कारखान्याचे नवे म्हणून जे कोट माझ्याकडे इस्त्रीला येतात, ते जुने आहेत."

सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सोबत घेऊन आम्ही सर्जापूर रोडवर त्या कारखान्याचा निर्यातीचा ट्रक अडवला. पंचांसमोर खोकी उघडली. इस्त्री कडक, बटणे नवी, लेबलेही नवी. अधिकारी माझ्याकडे रोखून बघू लागले. पण मी शिंप्याच्या घरातला. दुरुस्तीला आलेल्या कोटाचा खिसा वडील आधी उलटा करत, कारण वापरलेल्या खिशाच्या कोपऱ्यात धुतल्यावरही लव राहते. मी एकेक खिसा उलटा केला. सगळ्या खिशांत करड्या लवेच्या गोळ्या! माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

मालक पक्का बेरड. ठाण्यातल्या चौकशीत त्याने पॅकिंग सांभाळणाऱ्या बाईंकडे बोट दाखवले. "मी नवेच कोट दिले होते. हिने बदलले. यादीवर सही हिचीच आहे."

"स्वल्प ऐका सार," त्या रडत म्हणाल्या, "मालक सांगतील तिथे सही करते मी. आलेला माल खोक्यात भरते. दुसरं काय ठाऊक नाही मला."

सही खरी होती. माझ्या फौजदाराने अटकेचे कागद काढलेही. मी त्याला थांबवले आणि मालकाला घेऊन कारखान्यात गेलो. शिलाई यंत्रे ओळीने मांडलेली, कापड बेतायचे टेबल लांबलचक. मी टेबलाखाली वाकून पाहिले.

"चिंध्या कुठे आहेत?"

"आम्ही स्वच्छता पाळतो, सर."

"बरं, कात्री दाखवा."

कात्री आली. तिच्या पात्यांवरचा दुकानातला तेलकट कागदसुद्धा निघालेला नव्हता. तिथे एकही कोट शिवला गेला नव्हता, मग बाई बदलणार काय? तासाभरात मालकाने कबुली दिली: आणलेले कापड तो परस्पर विकायचा आणि जुने कोट नवे म्हणून पाठवून परतावा घ्यायचा.

ठाण्यात परतलो, तर बाई मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसलेल्या. पिशवीत काय, असे विचारले.

"दोन साड्या, टॉवेल. किती दिवस ठेवाल ठाऊक नाही, म्हणून."

आरोपींतले त्यांचे नाव मी स्वतःच्या हाताने साक्षीदारांत लिहिले. सही कोणाची हे कागदावर कळते, पण काम कसे चालते ते जाऊनच पाहावे लागते, हे त्या दिवशी पक्के शिकलो. पुढे प्रशस्तिपत्र मिळाले. ते कपाटात कुठेतरी असेल. "अक्का, घरी जा," असे मला म्हणता आले, त्याचा अभिमान मात्र रोज वाटतो.