रिबीन बांधलेली ॲम्ब्युलन्स
कुठं उद्घाटनाची लाल रिबीन दिसली की माझं डोकं फिरतं. मागच्या वर्षी आमच्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, छातीत कळ आली, म्हणून जीपमध्ये घालून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुई दिली आणि लगेच वाशीमला हलवायला सांगितलं. दारात नवीकोरी ॲम्ब्युलन्स झेंडूचा हार घालून उभी होती. राज्यातल्या सगळ्या तालुक्यांना अशी गाडी द्या म्हणून बाईंसारख्या डॉक्टरांनी मुंबईत जाऊन उन्हात धरणं धरलं, तेव्हा कुठं ती आली होती. पण तिच्या दाराला रिबीन होती. ड्रायव्हर म्हणाला, “जिल्ह्याचे मोठे साहेब सोमवारी येऊन कापतीन. तवापर्यंत गाडी हालत नाही.” मी ओरडले, “अन् माहा बुढा सोमवारपर्यंत दम धरून राहीन काय रे?” बाईंनी पट्ट्या कापायची कात्री आणली आणि रिबीन कापली. ड्रायव्हर घाबरला, “बाई, नोकरी जाईन तुमची!” “जाऊ दे. तू चाबी लाव.” म्हातारा वाचला. सोमवारी साहेबांनी त्याच गाडीला नवी रिबीन बांधून कापली आणि बाईंची बदली केली. बाईंना परत आणा म्हणून मी अर्ज दिला. चौथीपर्यंतच शिकले, पण सही स्वतःची केली. उत्तर अजून नाही. दुसरा अर्ज आज लिहायला घेतलाय.