कोरडी बशी

त्या सकाळी बायकोनं मले काठोकाठ भरलेली कपबशी दिली आन् बशीकडं पाहत उभी राहिली. थेंब सांडला नाही. ती चुलीकडं वळली. आमचं दोघांचं तेवढंच शेवटचं. दुपारी संत्र्याच्या बगीच्यात तिच्या छातीत कळ आली आन् ती तिथंच वारली.

बशी पाहायची सवय तिले माझ्या दारूनं लावली. मी रोजचा पिणारा. विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, दारू न पिण्याचं, का मी तोंड मिटून घ्यायचो. एका पौर्णिमेले ते मोठ्यानं म्हटलं आन् त्याच दिवशी एकदम सोडली. मोठं काम केलं असं वाटलं. मूर्खपणा होता.

दुसऱ्या दिवशी हात कापायले लागले. घाम, उलट्या, झोप नाही. तिसऱ्या दिवशी मी अंथरुणावरच्या मुंग्या झटकून राहिलो होतो. मुंग्या नव्हत्याच. भाऊ म्हणे, हिवताप आहे, गोधडी घाला.

ती म्हणाली, "ताप नाही हा. प्यायची बंद केली तवापासून आहे."

तिनंच ऑटो बोलावून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दोघाइले झापलं. रोज पिणाऱ्यानं घरी एकदम सोडू नये, झटके येतात, जीवही जातो. सोडायची त इथं येऊन सोडावी. भरती केलं, सुया दिल्या, गोळ्या दिल्या आन् हळूहळू कमी केल्या. घरी सोडताना तिले सांगतलं, काही दिवस हात पाहत जा, कापले त लगेच आणा.

तवापासून ती रोज काठोकाठ कप द्यायची आन् बशी कोरडी राहते का पाहायची; काही दिवसाचे किती वर्षं झाले. एकदा मी चिडलो, "आता काहून पाहतं वो?"

"पाहू द्या ना. नाही त तुमी माझ्यापाशी थांबता कुठी?"

मी कप ठेवला आन् बगीच्यात निघालो. तेव्हा थांबाले पाहिजे होतं.

स्मशानात सगळ्याइनं पंचशील म्हटलं. पाचवं मीही म्हटलं. घरी आल्यावर साळा म्हणे, घोटभर घ्या भाऊजी, झोप लागन. दारूचा पव्वा कोनाड्यात ठेवून गेला. मी त्याच्याकडं पाहत बसलो. प्यायचं मन लय झालं, खोटं काहून बोलू.

सकाळी उठून चहा मांडला. कप काठोकाठ भरला. उचलला आन् हात असा कापला का बशी भरली. हे दारूचं कापणं नव्हतं, ते मी ओळखतो. तसाच भरलेला पव्वा मोरीत ओतला. बशी धुतली, पुसली. कप पुन्हा काठोकाठ भरला आन् चुलीजवळ, ती उभी राहायची तिथं जाऊन बशीकडं पाहत उभा राहिलो.