वाट्यावरची मांदेली आणि फुकटचा डेटा

मंडळी, आज काशीदच्या मोबाइलच्या दुकानात एका मासेवालीने मला इंटरनेट शिकवलं!

रिचार्जला गेले होते. दुकानदार नितीन म्हणाला, "नवा पॅक येतोय म्हणे. एका मोठ्या अ‍ॅपवरचे पिक्चर कितीही बघा, डेटा कापणार नाही."

मी खूश. मग आठवलं, आमच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ मी ज्या छोट्या साइटवर टाकते, तिथे मात्र डेटा कापला जाणार. "मग आमचं भजन बघणार कोण?" मी विचारलं.

"ताई, फुकट मिळतंय तर घ्यायचं," नितीन हसला.

रिचार्जसाठीच थांबलेल्या हिराकाकूने मासळीची टोपली खाली ठेवली. "फुकट तर मी पन देते. परत्येक वाट्यावर चार मांदेली वर घालते. पन सगल्यांना! उद्या निस्त्या बंगलेवाल्यांना घातली, तर तू येशील काय माज्याकडं?"

"न्हाय," नितीन पटकन बोलून गेला.

"मग?"

आम्ही दोघांनीही तिथेच मासळीचा एकेक वाटा घेतला. नितीनने वरची मांदेली हळूच मोजली. त्याला चार, मलाही चारच.

आता खरं सांगा, तो पॅक आला तरी आमचं भजन बघाल ना?