बोरगाव ते पांढुर्णा: एका भित्र्याची वही

नागपूरच्या इतवारीहून छोट्या लाईनची (अरुंद रुळांची) गाडी सुटली, तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं होतं. पायाशी बेसबॉलच्या बॅटी, हातमोजे आणि मुखवटे भरलेलं भलंमोठं पोतं आणि खिडकीतून डोळ्यांत येणारी कोळशाची कणी. वर्षभरापूर्वी आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून बेसबॉल म्हटलं की लोक कीव केल्यासारखं बघायचे. पण आमच्या पुण्याच्या बेसबॉल मंडळाचा हट्ट मोठा. जुनं सामान जमवायचं, खेड्यातल्या मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुलामुलींना खेळ शिकवायचा आणि त्यातल्या निवडक मुलांना नागपूरच्या वसतिगृहात ठेवून मॅट्रिकपर्यंत शिकवायचं. मंडळाचे प्रशिक्षक पाय मोडून घरी पडले, म्हणून बोरगावच्या मुलींसाठीचं हे पोतं माझ्या गळ्यात आलं.

मी मंडळाचा गुणलेखक. गणिताचा मास्तर असल्यामुळे वही चांगली ठेवतो, एवढीच माझी लायकी. चेंडू अंगावर आला की मी डोळे मिटतो. कुत्रं, पोलीस, विहीर, अनोळखी गाव, मला सगळ्याचीच भीती वाटते. बायको म्हणाली होती, “तुम्ही जाताय खरे, पण मुलींना सांभाळणार की मुली तुम्हाला?”

डब्यात समोर बसलेल्या बाईंनी पोत्यातून डोकावणारा लोखंडी मुखवटा पाहिला.

“हे काय हो भाऊ? बैलाची मुसकी हाय का?”

“नाही, खेळताना घालायचं. चेंडू तोंडावर येतो ना.”

“तोंडावर येते त खेळता काहून मंग?”

उतरायचं स्टेशन येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

सौंसरला बनसोड गुरुजी घ्यायला आले होते. बोरगावच्या शाळेत ते दोन वर्षं मुलींना बेसबॉल शिकवत होते. माणूस शांत, सायकलीला घंटी नाही, तोंडात शिट्टी. स्टँडवर त्यांनी मला गरम आलूबोंडा आणि चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. बोरगावची शाळा आठवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर मुलीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न. नाहीतर संत्र्याच्या बगिच्यात मजुरी. उद्या पांढुर्ण्याच्या मुलींशी सामना होता आणि माझ्या वहीवरून मंडळ दोघींची निवड करणार होतं.

“माया म्हनून एक पोरगी हाय,” गुरुजी म्हणाले. “तिचं पळनं पाहा साहेब. तिचे मायबाप मजुरीवाले. निवड झाली त ठीक, नाई त दिवाळीपासून थे बी बगिच्यात.”

एका पोरीचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या पेन्सिलीवर टांगलेलं आहे, हे ऐकून मी हातातला आलूबोंडा परत कागदावर ठेवला.

मैदान म्हणजे गावाबाहेरची पडीक जमीन. तीन बाजूंनी संत्र्याचे बगीचे, फळांवर नुकता पिवळा रंग चढलेला. माया चौदा वर्षांची, काटकुळी, अनवाणी. ती पळायला लागली की आधी पाय दिसेनासे व्हायचे आणि मग धूळ दिसायची. मी खूश झालो, आणि खूश झालो की माझी अक्कल गहाण पडते.

बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी सांगतो. चार कोपरे असतात. चेंडू टोलवून एकेक कोपरा गाठत परत पहिल्या जागी यायचं. पण फेकणाऱ्याचं लक्ष नसताना, चेंडू टोलवलेला नसतानाही पुढचा कोपरा पळून गाठता येतो. इंग्रजीत त्याला चोरीच म्हणतात. आमच्या मंडळाच्या वहीत त्याची खूण ‘चो’ अशी आहे. गुरुजी मात्र पळायची खूण फक्त शिट्टीने करायचे. तेव्हा ते चुन्याची पिशवी आणायला शाळेत गेले होते. माया पहिल्या कोपऱ्यावर उभी होती, फेकणारी मुलगी वेणी बांधत होती. मी उठून बेंबीच्या देठापासून ओरडलो, “चोर, माया! चोर! पळ!”

ती पळाली नाही. जागच्या जागी थिजली. पळत आले ते बगिच्याचे रखवालदार. तिघे जण, हातात काठ्या. ज्या पोरीकडे माझं बोट होतं तिचं मनगट एकाने धरलं.

मायाने दुसऱ्या हाताची मूठ उघडून दाखवली. मग फ्रॉकचा खिसा बाहेर काढला, ओच्यासारखा पुढचा घेर झटकून दाखवला. तिला कोणीही झडती द्यायला सांगितलेलं नव्हतं. ते सगळं तिला पाठ होतं.

खोटं कशाला सांगू, पळून जावं असं मनात आलं. नागपूरची गाडी किती वाजता आहे, हेसुद्धा आठवून पाहिलं. मग कसाबसा आवाज फुटला. “सोडा तिला. मी ओरडलो. तो... तो खेळातला शब्द आहे. कोपरा चोर, म्हणून.”

“खेळात चोरी?” रखवालदार म्हणाला. “अन् तुम्ही पुन्याहून येऊन पोट्ट्याइले थेच शिकवून राहिले?”

तेवढ्यात गुरुजी आले. त्यांना सगळे ओळखत होते, म्हणून मनगट सुटलं. त्यांच्यातला म्हातारा रखवालदार जाताना मलाच समजावून गेला, “फळ रंगावर हाय साहेब. चोर म्हनलं का आमी धावतोच. आमचं बी पोट हाय.”

माया खेळ सोडून घरी निघून गेली.

दिवस कलायच्या आत निरोप आला की मायाची आई उद्या तिला पाठवणार नाही. गुरुजी मला मायाच्या घरी घेऊन गेले. दारात जायची मला इतकी भीती वाटत होती की मी चपला काढायला उगाचच वेळ लावला. आत बाबासाहेबांची तसबीर, खाटेवर मायाचे वडील. बोलली ती आई, भाकरी थापता थापता.

“तीन साल झाले मास्तर. बगिच्यातली संत्री कमी भरली, त माझ्या मानसाले दिसभर झाडाले बांधून ठेवलं. या पोरीच्या डोळ्यासमोर. मंग चोर दुसराच निघाला. याइले सोडलं, पन थो शब्द नाई सुटला. अन् आज तुम्ही तोच शब्द माझ्या पोरीवर फेकला.”

मी हात जोडले. म्हणालो, “चुकलो. मला माहीत नव्हतं.”

“माहीत असतं त दुसऱ्या कोनाच्या पोरीले म्हनले असते का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून माया म्हणाली, “माय, मी जातो उद्या.”

आईने भाकरी तव्यावर टाकली, माझ्याकडे पाहिलं. “उद्या तिच्यावर कोनी तो शब्द टाकला, त तुम्ही मधात उभे राहान?”

आजवर मी कोणाच्याही मध्ये उभा राहिलेलो नाही. रांगेतसुद्धा लोकांना पुढे जाऊ देतो. तरी “राहीन” म्हणालो. तिने मला पिठलं-भाकरी वाढली.

सकाळच्या बसने बारा मुली, गुरुजी आणि मी पांढुर्ण्याला निघालो. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाची माणसं चढली-उतरली. मी खिडकीतूनच दोन वेळा हात जोडले. एकदा मायासाठी, एकदा माझ्यासाठी. मग मायाला जवळ बोलावून हळूच म्हणालो, “आज तू चेंडू टोलवल्याशिवाय पळायचं नाहीस. कोपऱ्यावर नुसतं थांबायचं. कोणाला बोलायला निमित्तच नको.” ती माझ्याकडे बघत राहिली.

पांढुर्ण्याचं नाव ऐकलं की मला गोटमार (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दोन गावांची एकमेकांवर दगडफेक) आठवायची. गावात उतरल्यावर मी प्रत्येक माणसाच्या हाताकडे बघत होतो. हातांत पिशव्या होत्या, छत्र्या होत्या, एकाच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. पण त्यांची चेंडू फेकणारी मुलगी पहिला चेंडू टाकताच माझ्या शेजारचा दुकानदार अभिमानाने म्हणाला, “आमच्या गावाचा हात हाय साहेब!” चेंडू सुंईकन गेला आणि मी टेबलाखाली वाकलो.

मैदानाभोवती बरीच गर्दी जमली होती. शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे. माया पहिल्या कोपऱ्यावर उभी. गर्दीतल्या पोरांना खेळ थोडाफार कळत होता. एकाने हाक दिली, “ए, चोरी करते पाह! चोर, चोर!” मग टाळ्यांवर सगळेच म्हणू लागले, “चोर! चोर!”

त्यांच्यासाठी ती नुसती गंमत होती. मी मायाकडे पाहिलं. ती कालच्यासारखीच थिजली होती.

मी उठलो. वही खाली पडली. गर्दीकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि ओरडलो, “गप्प बसा! तिचं नाव माया आहे! माया म्हणा!” आवाज चिरका आला. पोरं फिदीफिदी हसली. एक ढेकूळ माझ्या पायाशी येऊन फुटलं. मी डोळे मिटले, पण हात खाली घेतले नाहीत. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मग एकदम आरडाओरडा झाला. मागे वळून पाहिलं तर धूळ खाली बसत होती आणि माया दुसऱ्या कोपऱ्यावर उभी होती.

पुढच्या मुलीने चेंडू टोलवला, माया धावून आली, बरोबरी झाली. नंतर सामना आम्ही हरलो. त्याचं कोणाला फार वाईट वाटलं नाही. गुरुजींनी सगळ्यांना केळी घेऊन दिली.

परतीच्या बसमध्ये मी वही पुरी करत होतो. माया शेजारी येऊन बसली.

“सर, माझ्या नावापुढं हे रिकामं काहून सोडलं?”

“मी बघितलंच नाही गं. माझी पाठ होती.” हे अर्धं खरं होतं. तिथे ‘चो’ लिहायला माझा हात धजत नव्हता, आणि काही लिहिलं नाही तर तिची निवड हुकणार होती.

“मंग इचारा न मले.”

“शिट्टी झाली होती का?”

“नाई. गुरुजी बी तिकडंच पाहून राहिले होते, तुमच्याकडं. तुम्ही म्हनलं थांब. थे पोट्टे म्हने चोर. मी म्हनलं, आता कोनाचंच नाई आयकत.” ती केळ सोलत म्हणाली. “मी माझी गेली. तसं लिहा.”

मी चौकटीत लिहिलं, ‘स्वतः’.

पुण्याला मंडळाच्या बैठकीत आमच्या चिटणिसांनी वही उघडली. चष्मा कपाळावर चढवला आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं. अशी खूण नियमांत नाही, म्हणाले. मी उभा राहिलो आणि झालं ते सगळं सांगितलं, माझ्या ओरडण्यापासून. सांगताना मला भीती वाटली, पण मधे थांबलो नाही. मग चिटणिसांनी निवडीच्या कागदावर मायाचं नाव लिहिलं आणि विचारलं, “म्हणजे दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायला तिला कोणाचीच मदत झाली नाही?”

“मदत कसली?” मी म्हणालो. “मी तर तिला थांब म्हणून सांगितलं होतं.”