वहिनीच्या वाटची धाव

आता या शर्यतीला ड्युएथलॉन असं भारदस्त नाव आहे. ऐंशीच्या दशकात मालवणजवळच्या आमच्या गावी ती झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘धाव-सायकल-धाव’. लष्करातून निवृत्त होऊन आलेले आणि घरी बसून कंटाळलेले एक सुभेदार होते, त्यांची ही कल्पना. तिघांचा एक संघ. पहिल्याने धावायचं, दुसऱ्याने सायकल मारायची, तिसऱ्याने पुन्हा धावायचं. अंगावर तिरकी लाल पट्टी, ती एकाने उतरवून दुसऱ्याच्या खांद्यावर घालायची. बक्षीस म्हणून एक ढाल होती आणि ती सुभेदारांनी स्वतःच्या घरातल्या कपाटातून काढलेली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आमच्या संघात मी, माझा चुलतभाऊ आणि माझी वहिनी. दोन बायका आणि एक बाप्या असा संघ बघून नाव नोंदवणारा गडबडला. सुभेदार म्हणाले, “नियमात बाई-पुरुष असं काही लिहिलेलं नाही. घ्या नाव.” बिचाऱ्यांना ते लिहायचं सुचलंच नव्हतं, पण शब्दाला जागले.

मी संघात होते ती निव्वळ खोगीरभरती. तिसरं कुणी मिळेना म्हणून. चुलतभाऊ मालवणात एका पतपेढीत कारकून, रोज सायकलने जायचा-यायचा, म्हणून सायकल त्याच्याकडे. खरी धावणारी होती वहिनी. ती फोंडाघाटची, समुद्रापासून दूर घाटाच्या पायथ्याच्या गावची. लग्नाआधी एसटीने घाट चढून कोल्हापूरला जाऊन तिने शारीरिक शिक्षणाचा कोर्स पुरा केला होता. माझा भाऊ बोटीवर नोकरीला. लग्न करून तो दीड महिन्यात परत समुद्रावर गेला आणि वहिनी आमच्या घरात माडांना शिंपण करत, मासे साफ करायला शिकत राहिली. घाटाखालच्या मुलीला बांगडा आणि पेडवा यांतला फरक कळेना, म्हणून आम्ही तिची यथेच्छ टर उडवायचो. ती आमच्याहून मोठ्याने हसायची. कुणाच्याही घरात सहज मावेल अशी बाई होती ती.

त्या वर्षी आमच्या हायस्कूलचे व्यायामशिक्षक निवृत्त झाले आणि जागा रिकामी झाली. वहिनीने अर्ज केला. मुख्याध्यापकांना ती हवी होती. शाळा समितीच्या अध्यक्षांना मात्र नको होती. ते काजूचे व्यापारी, गावातलं वजनदार माणूस. “लग्न झालेली बाई मुलांसमोर कवायत करणार? शोभतं का हे?” असं ते म्हणाले. मुख्याध्यापक गोड बोलून काम काढणारे. ते म्हणाले, “साहेब, ती शर्यतीत धावणार आहे. एकदा बघा आणि मग ठरवा.”

हे झालं शाळेचं. घरी माझी आई होती. आईचा नोकरीला विरोध नव्हता, तिला धास्ती होती ती लोकांची. वडील गेल्यावर तिने एकटीने घर चालवलं होतं आणि गावात आपल्याबद्दल कुणी अर्धा शब्द बोलू नये म्हणून तिने किती काय गिळलं होतं ते तिलाच माहीत. तिने दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीसमोर चहा ठेवून म्हणाली, “धाव तू. पण एक सांगतंय. माज्या सुनेक गावात कोण हसलो, तर नोकरीचा नाव या घरात परत काढूचा नाय.”

वहिनी एवढंच म्हणाली, “बरां.” मी मात्र मनातल्या मनात आईशी कडाडून भांडले. गावाने हसावं की नाही हे काय धावणाऱ्याच्या हातात असतं? पण आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. वर आणखी अट अशी, की पंजाबी ड्रेस चालणार नाही, लुगडंच नेसायचं. पाचवारी पातळात पाय अडकतील म्हणून आईने स्वतःचं जुनं नऊवारी काढून दिलं. त्याचा काष्टा कसा घट्ट मारायचा तेही तिनेच दाखवलं. हे सगळं करताना तिचा चेहरा असा, की जणू सुनेला तुरुंगात पाठवते आहे.

पंधरा दिवस वहिनी पहाटे किनाऱ्यावर धावायला जायची. घाटाखालच्या लाल मातीवर धावलेल्या पायांना वाळू काही जुमानत नव्हती. पहिल्या दिवशी ती धापा टाकत परत आली आणि म्हणाली, “ही वाळू माणसाक गिळता गो.” मग किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे लोक कसे चालतात ते ती बघत बसली आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या अगदी कडेने, घट्ट ओल्या वाळूवरून धावू लागली. परत आल्यावर पाय धुऊन लगेच चुलीशी बसायची. एकही दिवस चहाला उशीर झाला नाही. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान आणि अंथरुणात लोळत पडलेली असायचे. मला तिचं फार कौतुक वाटायचं आणि तितकाच रागही यायचा, कारण ती कुरकुर करत नसल्यामुळे मला करता येत नसे.

शर्यतीच्या दिवशी हायस्कूलच्या मैदानावर अख्खं गाव लोटलं. सहा संघ होते. बाकी पाचांत सगळे पुरुष. खुर्च्यांच्या रांगेत मध्ये अध्यक्ष, आणि बायकांच्या बाजूला पहिल्याच सतरंजीवर माझी आई, ताठ बसलेली. सुभेदारांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही पहिले सहा जण सुटलो. मैदानातून पाणंदीने किनाऱ्यावर, तिथून खडपावर, म्हणजे पाण्यालगतच्या खडकांवर, रोवलेल्या झेंड्याला वळसा घालून परत; शेवटच्या धावणाऱ्यालाही हीच वाट. मी चौथी आले. माझ्या मानाने हा चमत्कार होता. पट्टी चुलतभावाच्या खांद्यावर घातली आणि आडवी पडले. तो सुटला देवबागेच्या दिशेने. देवबागेच्या शाळेपर्यंत जायचं आणि परत यायचं.

इथे आमची एक चूक झाली होती आणि ती आम्हा तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आली नव्हती. चुलतभावाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि त्याची सासुरवाडी देवबागला होती, रस्त्याला लागून.

बऱ्याच वेळाने पहिला सायकलवाला परत आला. उतरता उतरताच तो ओरडला, “देवबागचो जावय पाटावर बसलो हा!” लोकांना आधी कळेना. मग दुसरा आला, तो हसून इतका बेजार की त्याला पट्टी काढता येईना. जावई शर्यतीत येणार हे कळल्यावर सासरेबुवा सकाळपासून रस्त्यात उभे होते. लग्नानंतर जावई पहिल्यांदाच दारावरून जाणार. तो सायकल मारत आला तसे ते मधोमध हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “जावयबापू, दारावरसून तशेच गेल्यात तर आमका तोंड दाखवूक जागा रवाची नाय.” त्याला खाली उतरवलं. पायांवर पाणी घातलं. सासूने ओवाळलं. अंगणात पाट मांडला आणि पुढ्यात रस-घावणे, तांदळाचे घावणे आणि नारळाचा गोड रस.

मैदानभर हशा उसळला. तिसरा आला, चौथा आला, पाचवा आला आणि प्रत्येकाने त्यात भर घातली. जावयाने दुसऱ्यांदा रस वाढून घेतला असं एकाने शपथेवर सांगितलं. पाचही संघांचे शेवटचे धावणारे निघून गेले आणि आमची वहिनी एकटी रेघेवर उभी. मी आईकडे बघायचं टाळत होते, तरी नजर गेलीच. आई मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होती. गाव हसत होतं आणि ते आम्हालाच हसत होतं. मग सुनेला हसलं आणि पुतण्याला हसलं यात आई काय फरक करणार?

शेवटी तो आला. कपाळावर कुंकू, गळ्यात अबोलीचा हार, मागच्या कॅरिअरला नारळ आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! सगळं मैदान टाळ्या पिटून हसायला लागलं. मी संतापाने ओरडले, “मेल्या, शर्यतीक गेल्लंस की जेवूक?” तो रडकुंडीला आलेला. “मी काय करू गो? उतरू नको तर काय सासऱ्याच्या आंगावर सायकल घालू?” त्याला पट्टी काढता येईना, ती हारात अडकलेली.

वहिनीने ती शांतपणे हारातून सोडवली आणि आपल्या खांद्यावर घातली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, “भावजी, रस-घावणे एकट्यानच खाल्लात? माका दोन तरी ठेवा, ह्या येतंय मी!” आणि ती सुटली.

लोक पुन्हा हसले, पण या वेळी ते तिच्या बाजूने हसले. असा हजरजबाबीपणा मला सात जन्मांत जमला नसता. मी चुलतभावाची सायकल हिसकावली आणि पाणंदीने तिच्या मागे गेले. किनाऱ्यावर पोचले तेव्हा ती पाण्याच्या कडेला उतरली होती. पुढचे पाचही जण कोरड्या वाळूतून चालले होते. मी ‘चालले’ म्हणते, कारण आधी जोरात पळून त्यातल्या दोघांची चाल केव्हाच मंदावली होती. वहिनीची चाल सुरुवातीला होती तीच. हात घट्ट, मान सरळ, काष्टा पक्का. जाळी सुकत घातली होती तिथे तिने पाचव्याला गाठलं. तो दचकून बाजूला झाला, जणू मागून म्हैस आली.

झेंडा खडपावर होता आणि ओहोटीने खडपाला चिकटलेली धारदार शिंपल्यांची कालवं उघडी पडली होती. पुरुषांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, तरी ते जपून, दगड चाचपत जात होते. वहिनी अनवाणी. ती थांबली नाही. झेंड्याला वळसा घालून परत वाळूवर आली तेव्हा ती तिसरी होती, आणि तिच्या उजव्या पायाचा प्रत्येक ठसा ओल्या वाळूत लाल उमटत होता. मी ओरडले, “वयनी, पाय!” तिने मान हलवली, म्हणजे माहीत आहे. पुढच्या दोघांना तिने गाठलं नाही. अंतर फारच होतं. पण त्यांच्यामागे ती मैदानात शिरली तेव्हा टाळ्या सर्वात जास्त तिला पडल्या, आणि त्यांत हसण्याचा आवाज नव्हता.

रेघ ओलांडून ती चार पावलं चालली आणि मग पाय टेकवेना म्हणून खाली बसली. माणसं गोळा झाली. अध्यक्षही खुर्चीवरून उठून आले. त्यांनी पाय बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि शुद्ध भाषेत म्हणाले, “तिसरा क्रमांक, वाईट नाही. पण बाई, हे रोज झेपणार आहे का तुम्हाला? शाळेचं काम म्हणजे—”

गर्दीतून वाट काढत आई आली. ती कुणाकडे बघत नव्हती. वहिनीसमोर मातीत बसली आणि तिचा रक्ताळलेला पाय उचलून तिने आपल्या मांडीवर घेतला. साऱ्या गावासमोर सासूने सुनेचा पाय मांडीवर घेतलेला मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही. वहिनी घाबरली. पाय ओढून घेत म्हणाली, “आई, तुमी नको. लोक बगतत.”

“गप रव. हलव नको,” आई म्हणाली आणि टाचेत रुतलेला शिंपल्याचा कपचा नखांनी चाचपू लागली. तो बाहेर निघाला, तसा तिने लुगड्याचा पदर जखमेवर दाबून धरला. मान वर न करताच ती अध्यक्षांना म्हणाली, “पाय भरान येवक आठ दिस लागतले. तेच्या आदी हिका शाळेत बोलवू नका.”

अध्यक्षांनी एकवार मुख्याध्यापकांकडे बघितलं. मग ते म्हणाले, “बरां, काकी. आठ दिसांनी.” शुद्ध भाषा कुठच्या कुठे गेली होती.

इतका वेळ हसतमुख राहिलेल्या वहिनीने कमरेला खोचलेला पदर ओढून काढला, तोंडावर घेतला आणि हुंदके देऊन रडू लागली. आईने पाय सोडला नाही.